माहीत नाही, फोन करा

आमच्या नियंत्रण कक्षात नवीन मुलगी कामाला लागली की तिला शिकवायचं काम माझ्याकडे येतं. डहाणू आणि तलासरी, या दोन तालुक्यांतून आम्हाला फोन येतात. कुणाला साप चावलेला असतो, कुणी बाळंतपणात अडलेली असते, कुणी मोटरसायकलवरून पडलेला असतो. आमची संस्था गाडी पाठवते आणि त्या माणसाला जिथे उपचार मिळतील अशा ठिकाणी पोचवते. मी मुलीला शेजारी बसवतो आणि कॉम्प्युटरचा पडदा दाखवतो. इथे गावाचं नाव टाक, इथे काय झालं ते निवड, बटण दाब. एकाच पानावर सगळं येतं. जवळची गाडी कुठे आहे, कोणत्या आरोग्य केंद्रात डॉक्टर हजर आहे, औषध कुठे आहे, रक्त कुठे आहे. आणि अधूनमधून यातल्या एखाद्या चौकटीत पिवळ्या रंगात लिहून येतं, ‘माहीत नाही. फोन करा.’

इथे प्रत्येक मुलगी हसते. परवा आलेली तर म्हणाली, "सर, कॉम्प्युटर असं कधी बोलतो का? एरर वगैरे दाखवतात ना?"

मी म्हटलं, "अगं, हे वाक्य जिने लिहिलं ना, ती..." आणि थांबलो. बोलता बोलता थांबायची माझी जुनी खोड आहे. पूर्वी मी असा थांबलो की माझं वाक्य पुढे न्यायला हेमा असायची. ही मुलगी बिचारी माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तेव्हापासून हेमा डोक्यातून जात नाही.

हेमा तांडेल डहाणूच्या खाडीकाठची. घरची होडी होती, आई सुकी मासळी विकायची, अजूनही विकते. हेमा कॉम्प्युटर शिकली, काही वर्षं मुंबईत मोठ्या कंपनीत होती, आणि मग एक दिवस आमच्या संस्थेत येऊन उभी राहिली. ‘उभी राहिली’ हे मी शब्दशः लिहितोय. कारण ती बसत नसे. तिला दिलेल्या खुर्चीवर कायम तिची पर्स बसलेली असायची. ती टेबलाला टेकून, एका पायावर, दुसरा पाय हलवत काम करायची. चहा आला की दोन घोट घ्यायची आणि कप जिथे असेल तिथे सोडून निघायची. संध्याकाळी खिडकीत, प्रिंटरवर, एकदा तर फाइलींच्या कपाटात आम्हाला तिचे अर्धे कप सापडायचे. मनीषा, म्हणजे आमच्याकडे फोन घेणारी मुलगी, म्हणायची, "ताईंना अर्धाच कप देत जा. तेवढीच साखर वाचेल." आम्ही तेही करून पाहिलं. ती त्यातलाही अर्धा सोडायची.

घोलवडच्या इतक्या जवळ राहून या बाईला पिकलेला चिकू कसा लागतो ते धड ठाऊक नव्हतं. आई चिकू आणून तांदळाच्या कोंड्यात पुरून ठेवायची आणि ही रोज येता-जाता हात घालून दाबून बघायची. मग न राहवून एखादा कापायचीच. ऑफिसात यायची तेव्हा ओठांना चीक लागलेला, तोंड तुरट. "उद्यापर्यंत थांबली असतीस तर..." मी म्हणायचो. "तर उद्याचा उद्या खाल्ला असता," ती म्हणायची.

आणि ते वाक्य पूर्ण करणं. समोरचा अर्धं वाक्य बोलला की पुढचं अर्धं हेमाचं. राग यायचा तो यासाठी की बहुतेक वेळा ते बरोबर असायचं. एकदा मात्र मी तिला म्हटलं, "हेमा, उद्या मला जरा..." "सुट्टी हवी. घ्या. मी सांगते साहेबांना," म्हणून ती जिना उतरलीसुद्धा. मला तलासरीच्या प्रशिक्षणासाठी प्रोजेक्टर हवा होता. पण सुट्टी मंजूर होऊन आली, आणि मंजूर झालेली सुट्टी परत करण्याइतका मी काही वेडा नाही. मी घरी बसलो आणि तलासरीचं प्रशिक्षण पुढच्या आठवड्यावर गेलं. हे तिला सांगितलं तेव्हा ती मनापासून हसली, आणि हसता हसता माझं पुढचं वाक्य बोलून मोकळी झाली.

ती आली तेव्हा आमचा कारभार कसा चालायचा ते सांगतो. गाड्या कुठे आहेत ते दाखवणारी एक प्रणाली, औषधसाठ्याची दुसरी, डॉक्टरांच्या ड्युटीची तिसरी, रक्ताची चौथी. चार वेगवेगळ्या कंपन्यांनी केलेल्या. फोन आला की मनीषा चार खिडक्या उघडून बसायची, चारही ठिकाणी पासवर्ड, चारही ठिकाणी गाव पुन्हा लिहायचं. एका कानाला फोन, पलीकडे रडणारा माणूस, आणि समोर गरगरणारं चक्र. हेमाने आल्या दिवशी मनीषाच्या मागे उभं राहून एक पूर्ण फोन बघितला. कुणीतरी विहिरीत उतरताना पडलं होतं. फोन संपल्यावर ती टेबलापासून निघाली. खिडकीपाशी गेली, परत आली, परत खिडकीपाशी गेली. मग म्हणाली, "विचारायचं एकदाच."

हे तिचं पेटंट वाक्य. त्यामागे काय आहे ते मला नंतर कळलं, आणि तेही स्कूटरवर. तिचे वडील होडीत घसरून डोक्यावर पडले होते. त्यांना घेऊन घरचे तीन ठिकाणी फिरले. पहिल्या दवाखान्यात नाव, वय, काय झालं, कधी झालं. तिथे सोय नाही, पुढे जा. दुसरीकडे पुन्हा नाव, वय, काय झालं. "तिसऱ्या ठिकाणी खिडकीपाशी मी वय सांगत होते सर," ती मान मागे वळवून मला सांगत होती, "आणि बाबा मागे रिक्षात गेलेले होते. मी आपली वय सांगते आहे." समोरून ट्रक येत होता. मी म्हटलं, "हेमा, समोर..." "बघितला," म्हणाली आणि तो ट्रक आमच्या कोपराला वारा घालून गेला. मला त्या क्षणी तिच्या वडिलांचं दुःख वाटायला हवं होतं. मी दोन्ही हातांनी सीट घट्ट धरली होती, एवढंच आठवतं.

स्कूटरवर आम्ही का होतो, तेही त्या कामामुळेच. तिने चारही कंपन्यांच्या माणसांना व्हिडिओवर एकत्र बोलावलं होतं. प्रत्येकाचं म्हणणं एकच, आमची प्रणाली बदलता येणार नाही, बाकीच्या तिघांना सांगा. हेमा उभ्या उभ्या ऐकत होती, पाय हलत होता. शेवटी म्हणाली, "तुम्ही कोणी काही बदलू नका. तुमचं दार तुमच्याकडे राहू दे. मी मध्ये उभी राहते. माणसं मला विचारतील, मी तुम्हाला विचारीन." तिच्या भाषेत या मधल्या जागेचं नाव गेटवे, आणि त्याला प्रश्न विचारायची एक वेगळी भाषा असते, ग्राफक्यूएल. मला काही कळलं नाही हे माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं. तिने मला समजावलं ते असं. "आईकडे गिऱ्हाईक येतं. बोलतं, बोंबील पाव किलो, करंदी थोडी, सोडे मूठभर. आई बोलते का, बोंबील इथे घे, करंदी पलीकडच्या बाईकडे, सोडे स्टेशनजवळ? नाय. ती उठते, शेजारणींकडून आणते आणि एका कागदात बांधून देते. आणि मूठभर सोडे मागितले तर टोपली नाय ओतत समोर. मागेल तेवढंच. झालं."

झालं म्हणायला सोपं. या चार प्रणाल्या एकाच केंद्राला चार प्रकारे ओळखायच्या. एकीत केंद्राला नंबर, दुसरीत गावाचं नाव, तिसरीत तिथल्या डॉक्टरचं नाव, आणि डॉक्टर बदलून गेला तरी नाव त्याचंच. कोणतं म्हणजे कोणतं, हे ऑफिसात बसून कुणालाच सांगता येईना. मग हेमाने स्कूटर काढली आणि केंद्रांतल्या सगळ्या सिस्टर मला ओळखतात म्हणून मला मागे बसवलं. आशागडच्या रस्त्याने, तलासरीच्या आतल्या पाड्यांपर्यंत आम्ही फिरलो. ती प्रत्येक दारात जायची, प्रश्न विचारायची आणि सिस्टरचं उत्तर सिस्टरच्या आधी देऊन टाकायची. सिस्टर माझ्याकडे बघायच्या. मी मान हलवायचो. मग त्याही हलवायच्या.

पण काम झालं. आणि झालं म्हणजे असं झालं की पहिल्या फोनला मनीषाने गाव टाकलं, बटण दाबलं आणि चारही उत्तरं एका पानावर आली, तेव्हा ती फोनवरच्या माणसाशी बोलायची विसरली. पलीकडून तो "हॅलो, हॅलो" करत होता. बाळंतपणाची केस होती. गाडी निघाली, रक्त कुठे ते आधीच ठाऊक, डॉक्टर दारात उभा. आई आणि बाळ दोघं सुखरूप. साहेबांनी, म्हणजे आमच्या संस्थेच्या प्रमुखांनी, पेढे मागवले. पेढे येईपर्यंत हेमा तिथे नव्हतीच. ती दुसऱ्या टेबलाशी उभी राहून नाक मुरडत होती, कारण पान यायला तिच्या मते उशीर लागला होता.

उशीर लागायचा तो औषधसाठ्याच्या प्रणालीमुळे. बाकीच्या तिघी विचारलं की बोलायच्या. ही आपल्या तंद्रीत. कधी लगेच उत्तर द्यायची, कधी दुपारभर गप्प. तेवढ्यासाठी अख्खं पान अडून राहायचं आणि चक्र गरगरायचं. हेमाला ते चक्र बघवत नसे. ती टेबलावर बोटं वाजवायची, खिडकीपाशी जायची, परत यायची. एक दिवस तिने ठरवून टाकलं. कुणी जास्त वेळ गप्प राहिलं तर त्याचं मागचं उत्तर जपून ठेवलेलं असतं, तेच लावायचं. पान थांबायचं नाही.

मनीषा म्हणाली, "पण ताई, मागचं म्हणजे कधीचं?"

"असेल सकाळचं. औषधं काय पळून जातायत कपाटातून?"

"नाही, पण रिकामं दिसलं तर मी निदान..."

"निदान घाबरशील. रिकामी चौकट बघून माणूस घाबरतो. हातात काहीतरी उत्तर हवं."

मनीषाला पुढे काय म्हणायचं होतं ते त्या दिवशी राहून गेलं. पान झटझट यायला लागलं. सगळ्या चौकटी हिरव्या. पाहुणे यायचे, बघून खूश व्हायचे. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

गवतकापणीच्या दिवसांत दुपारी झरी गावाकडून फोन आला. लखमी नावाच्या बाईला गवतात पायाला घोणस चावली होती. नवऱ्याने फोन केला होता, तो घाबरलेला पण धड बोलत होता. मनीषाने एकदाच विचारलं, एकदाच बटण दाबलं. गाडी जवळच होती. सापाचं इंजेक्शन त्यातल्या त्यात जवळच्या एका केंद्रात ‘उपलब्ध’, हिरवं. ड्रायव्हरने लखमीला उचललं आणि तिकडे नेलं. सगळ्या रस्त्याने तो तिला धीर देत होता, तिथे आहे इंजेक्शन, तिथे आहे.

तिथे नव्हतं. दारातच सिस्टर म्हणाली, "कालच संपलं. मी कालच भरलंय की सिस्टीममध्ये." तिने भरलं होतं, खरंच भरलं होतं. पण औषधसाठ्याची ती प्रणाली परवापासून आमच्याशी एक अक्षर बोललेली नव्हती. हेमाचं गेटवे आपलं तिच्या वतीने परवाचं उत्तर देत होतं, हिरव्या रंगात, न अडखळता. गाडी वळली आणि डहाणूला आली. तोवर लखमीच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. पुढे तिची किडनी बिघडली, तिला आणखी मोठ्या ठिकाणी न्यावं लागलं. ती वाचली. पायाची बोटं मात्र काढावी लागली.

आम्हाला कळलं तेव्हा हेमाने खुर्चीवरची पर्स खाली ठेवली आणि ती बसली. तिला पाठ टेकून बसलेली मी पहिल्यांदा बघत होतो आणि मला ते बघवलं नाही. साहेब आले. साहेब वाईट माणूस नाहीत, त्यांना माणसं जपायची असतात. ते म्हणाले, "हेमा, चूक आपली नाही. त्यांचा सर्व्हर बंद होता. आपण त्यांना लेखी कळवू." हेमा म्हणाली, "ते गप्प होते साहेब. बोललो आपण." आणि घरी गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही.

मी आणि मनीषा तिच्या घरी गेलो. दारासमोर बांबूच्या मांडवावर बोंबील वाळत होते आणि तिची आई खाली बसून सुकट निवडत होती. आम्ही कोण ते सांगितल्यावर म्हणाली, "आत हाय. जेवत नाय धड." मग आम्ही काही विचारलं नसताना बोलायला लागली. हात थांबला नव्हता. "लहानपणापासून हिची सवय ती. कोण बोलायला लागला का हिचा पुढचा तयार. शाळेत बाई अर्धा प्रश्न विचारायच्या, ही उत्तर देऊन मोकळी. चुकला तरी चालल, पण गप नाय बसायचा. आख्ख्या जन्मात एकदा ‘माहीत नाय’ बोलली असंल तर शप्पथ." हेमा दारात येऊन उभी होती. आईने मान वर करून तिच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आता मशीनला पण तीच सवय लावलीस, बाय." तिने हे रागाने म्हटलं नाही, जिव्हाळ्यानेच म्हटलं. मनीषा मात्र रडायला लागली. हेमा नाही रडली. ती आत गेली, चप्पल घालून बाहेर आली आणि म्हणाली, "चला ऑफिसला."

त्या आठवड्यात तिने गेटवे उकललं. जुनं उत्तर लावायचा नियम काढून टाकला. एकजण गप्प बसला म्हणून आता अख्खं पान अडत नसे. तिघांची उत्तरं यायची, आणि चौथ्याच्या चौकटीत पिवळ्या रंगात ते वाक्य यायचं, खाली त्या केंद्राचा फोन नंबर. साहेबांना ते पिवळं वाक्य आवडलं नाही. पाहुणे यायचे होते. "अगं, ‘माहिती अद्ययावत होत आहे’ असं लिही. सभ्य वाटतं."

"पण होत नसते साहेब. तेव्हा काहीच होत नसतं."

"पाहुण्यांसमोर आपणच म्हणायचं, आम्हाला माहीत नाही?"

"हो."

साहेबांनी पुन्हा पडद्याकडे बघितलं. हेमाचा पाय हलत होता. मग मागून मनीषा म्हणाली, "साहेब, मला ते पाहिजे. पिवळं दिसलं की मी फोन उचलते. हिरवं दिसलं तर कशाला उचलीन?" त्या दिवशी तिला जे बोलायचं राहून गेलं होतं ते हेच असणार. पिवळं वाक्य पडद्यावर कायम झालं.

यानंतर हेमा शांत झाली असं कुणाला वाटेल. कुठली शांत? चहा अर्धाच, चिकू कच्चाच. उलट तिची तगमग वाढली. दिवसातून कधीही उठून कोणत्याही केंद्राला फोन लावायची. "सिस्टर, मी हेमा. असंच. पडद्यावर आहे दिसतंय, खरंच आहे ना? कपाट उघडून बघता?" जी बाई जग एकदाच विचारून चालावं म्हणत होती, ती आता सगळं दोनदा विचारायची. सिस्टर कंटाळायच्या. मला त्याहून मजा वाटायची ती तिच्या दुसऱ्या धडपडीची. कुणी बोलताना थांबला की ती पेन दातांत धरायची. तोंड बंद ठेवण्याचा तिला तोच एक उपाय सापडला होता. मी मुद्दाम वाक्यं लांबवायचो. "हेमा, मला काय वाटतं..." आणि शांतपणे चष्मा पुसत बसायचो. तिच्या पेनांची टोपणं चावून चावून चपटी झाली होती. कधीकधी राहवायचं नाही तिला, आणि ती बोलून टाकायची, आणि मग स्वतःवरच चिडायची. मला तिची दया यायची, आणि ती फार आवडायची, हे मी तिला कधी सांगितलं नाही. सांगायला लागलो असतो तर तिने पूर्ण केलं असतं.

मग तिने वापीला नोकरी धरली. आई एकटी, भाऊ होडीवर; तिथे पगार बरा आणि रोज ट्रेनने घरी परतता येण्याजोगं. जायच्या आधीच्या दिवसांत एकदा म्हणाली, "सर, झरीला येता माझ्याबरोबर?" लखमीकडे ती तोवर गेली नव्हती. लखमी दवाखान्यात असताना बाहेरून बघून आली होती, पण आत गेली नव्हती. मी स्कूटरवर बसलो. तिने ती पूर्वीसारखीच चालवली, पण मान मागे वळवून एकदाही बोलली नाही.

लखमी अंगणात नागली पाखडत होती. उठून चालली तेव्हा तो पाय ती बाजूने टाकत होती. तिने आम्हाला खाट दिली. मी बसलो, हेमा उभी राहिली, मग तीही बसली. हेमाने सांगितलं की आम्ही त्या गाडीवाल्या संस्थेचे. लखमीने मान हलवली. ती सावकाश बोलणारी बाई, माझ्याहूनही सावकाश. तब्येतीचं झालं, पाण्याचं झालं. मग ती सुपात बघत म्हणाली, "मना एक..." आणि थांबली.

ती खूप वेळ थांबली. कोंबड्या येऊन सांडलेली नागली टिपायला लागल्या. हेमाचे ओठ हलले. काय काय येऊन गेलं असेल तिच्या तोंडावर ते मला दिसत होतं. दुखतं का, पैसे लागतात का, राग आला का. मीही मनात तेच जुळवत होतो. तिच्या हातात पेन नव्हतं. तिने खालचा ओठ दातांत धरला आणि लखमीकडे बघत राहिली.

"मना वाटलां, मीच उशीर केला," लखमी म्हणाली. "चावला तवा गवताचा भारा अर्धा होता. तो तसाच टाकला असता तं दुसरी बाई घेऊन गेली असती. मंग मी भारा बांधला नी मंग घरी इली. डायवर सांगत होता, तिथं हाये, तिथं हाये. मी पोचली नी नाय. मना वाटलां, माझी वाट बघून सरली दवा."

इतके दिवस ही बाई तो भारा उरावर घेऊन बसली होती.

"नाय," हेमा म्हणाली. "तू यायच्या आदल्या दिवशीच ती संपली होती. आम्हाला माहीत नव्हतं. आणि आम्ही आहे म्हणून सांगितलं."

लखमीने तिच्याकडे नीट बघितलं. मग विचारलं, "भारा नसता बांधला तं बोटां राहिली असती?"

हो नाहीतर नाही, एवढंच सांगायचं होतं. मी असतो तर काहीतरी बरं वाटेल असं बोलून मोकळा झालो असतो. हेमाने तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाली, "ते मला माहीत नाय. मी विचारून सांगते." आणि खरोखर उठली. अंगणात रेंज नव्हती म्हणून समोरच्या बांधावर चढली आणि डहाणूत लखमीवर उपचार केलेल्या डॉक्टरांना तिने फोन लावला. आम्ही दोघं खालून बघत होतो. ती बांधावर या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालत होती, फोन कानाला, पदर वाऱ्यावर. आधी थोडं बोलली. मग नुसतीच ऐकत होती. बराच वेळ ऐकत होती. डॉक्टर चांगलेच विस्ताराने सांगत असावेत आणि ती त्यांना मध्ये तोडत नव्हती, एवढं इतक्या दुरूनही कळत होतं.

ती उतरून आली आणि लखमीसमोर जमिनीवरच बसली. "डॉक्टर बोलतात, भारा बांधायला वेळ लागला तेवढ्याने फरक नाय पडला. नंतरच्या फेऱ्याने पडला. तो उशीर आमचा."

लखमीने सूप खाली ठेवलं. आपल्या पायाकडे बघितलं.

"मंग मी उगाच..." ती म्हणाली.

आणि तिने सूप पुन्हा उचललं. हेमाने ते वाक्य पूर्ण केलं नाही.